दोन एनची जागा

सकाळपासून सातव्यांदा तिने भागाकार मांडला आणि सातव्यांदा बाकी दोनच उरली.

बाबांच्या बीजगणिताच्या पुस्तकातलं हे शेवटचं उदाहरण. उत्तरं लिहीत असतानाच ते गेले, त्याला तीन आठवडे झाले. एवढ्या एकाच उदाहरणाचं उत्तर राहिलं होतं. वर सूचना होती, 'बाकी शून्य येते हे दाखवा.' चार वाजता पानं छपाईला जाणार होती. उत्तर जमलं नाही तर उदाहरण गाळायचं, असं छापखान्यातल्या जुळणीवाल्याने बजावलं होतं.

एक्सचा घात तीन एन, अधिक पाच एक्सचा घात एन, अधिक सहा. भाजक, एक्सचा घात एन अधिक एक. घातांकात आकडे असते तर तिने दहावीच्या पुंजीवर रेटून नेलं असतं. अक्षरं दिसली की तिचं डोकंच चालेना.

"बाबा चुकलेत," ती म्हणाली आणि पेन्सिल आपटली.

"चुकायचेच. माझा वाढदिवस दरवर्षी चुकायचे," आई चष्मा पुसत म्हणाली. "गणित नाही हं. कशावरून करतेयस?"

"छापील प्रुफावरून. त्यांचं अक्षर वाचवत नाही मला."

अक्षर तर मोत्यासारखं होतं.  कपाटातून बाबांची वही काढून आईने लेकीच्या पुढ्यात ठेवली.

वहीत पहिल्या पदानंतर बोटभर कागद कोरा होता.

"हे असं बोट ठेवून मध्येच जागा सोडायचे," आई म्हणाली. "मी म्हणायचे, कागद काय फुकट येतो? तर म्हणे, जो घात आलेला नाही त्याचीही जागा धरून ठेवावी लागते, नाहीतर मागचे पुढे घुसतात."

जुळणीवाल्याने ती जागा मिटवून टाकली होती. आणि ती आपली दोन एन घाताचं पद एन घाताखाली लिहून खुशाल वजा करत बसली होती. तिने जागा सोडून नव्याने मांडलं. उणे एक्सचा घात दोन एन त्या कोऱ्या जागेत उतरला, पुढचं आपोआप सुटत गेलं. भागाकार, एक्सचा घात दोन एन, उणे एक्सचा घात एन, अधिक सहा. बाकी शून्य.

तिने फोन लावला.

"ताई, मध्ये भोक पडल्यासारखं दिसेल," जुळणीवाला कुरकुरला.

"दिसू दे. बोटभर जागा सोडा."

"कोणाचं बोट धरू?"

तिने आपलं बोट वहीतल्या जागेवर ठेवून पाहिलं. दोन्ही बाजूंनी कागद थोडा उरला.

"माझ्यापेक्षा जरा जाड," ती म्हणाली.