काळं भांडं

मी भागूबाई. कोळवणात साधनाताईंच्या बंगल्यावर झाडलोट, धुणीभांडी माझ्याकडं. धाकटा भाऊ म्हसू तिथंच बाग बघतो. गावात कुणाचं लगीन असलं की तांब्या-पितळंची भांडी घासायला मलाच बोलावणं, त्यामुळं माझं नाक जरा वरच असायचं.

ताईंच्या वडलांनी फ्रान्सातनं आणलेली फुलं ठेवायची ब्राँझची दोन भांडी बैठकीत हायेत. पोट काळं, कान सोनेरी. रविवारी शैलेश म्हणून जुन्या वस्तूंचे व्यापारी ती जोडी घ्यायला येणार व्हते. ताई शहरातनं फोनवर म्हणाल्या, "भागूबाई, नुसती धूळ पुसा." आता सांगा, काळंकुट्ट भांडं पाहुण्याम्होरं ठेवलं तर नाक कुणाचं कापलं जाणार? माझंच की! चिंच, मीठ, राख घेतली आन शनिवारी दिवसभर एक भांडं घासलं. अगं बया, काय लखलखलं! कानांचा सोनेरी मुलामाबी निघून गेला. म्हणलं, झालं की एकसारखं.

म्हसूनं बघितलं आन कपाळाला हात लावला. "आक्का, त्यो काळा रंग कारागिरानं मुद्दाम दिल्याला असतोय. ताईच सांगत व्हत्या. त्याचंच तर मोल हाय!"

आता ताई मला काढून टाकणार. माझं घर त्या पगारावर चालतंय.

"माझं नाव सांग," म्हसू म्हणाला. "मला काढलं तर माझी मेंढरं हायेत." आन मी बेशरम, लगेच व्हय म्हणलं.

रविवारी शैलेश भांडं बघून मटकन खालीच बसले. "जोडी गेली हो," म्हणाले.

"कुणी केलं हे?" ताई ओरडल्या.

म्हसू म्होरं झाला. "म्या, ताई." मी मान खाली घातली. हितवर सगळं झ्याक चाललं व्हतं.

"वाटलंच मला," ताई म्हणाल्या. "असलं गबाळं काम तूच करणार!"

गबाळं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "एक डाग दाखवा! नक्षीच्या खाचंतलं काळंसुदीक काडीनं काढलंय मी!"

सगळे माझ्याकडं बघाय लागले. जीभ चावली, पर गेलेला शब्द माघारी येतोय व्हय? ताई म्हणाल्या, "भागूबाई, उद्यापासून येऊ नका."

फाटकाबाहेर मला रडूच कोसळलं. म्हसू म्हणाला, "गप बसली असतीस तर नोकरी ऱ्हायली असती. आता रडून काय?"

"नोकरीचं रडू पगाराच्या तारखंला येईल," मी म्हणलं. "आत्ता ह्ये, गबाळं म्हणल्या त्याचं."