अर्ध्या इंचाची गोधडी

त्या गल्लीत शिंप्याला शिंपी म्हणून कोणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे त्यांना ‘अर्धा इंच’ म्हणत. त्यांच्या उंचीशी या नावाचा काही संबंध नव्हता. म्हणजे लावायचाच म्हटला तर लागला असता, पण कोणी लावत नसे.

नाव पडलं ते धंद्यावरून. तयार जीन्स शिवणारे कारखानदार त्या नक्की कुणाच्या पायांसाठी शिवतात, हे कोडं आजवर कुणाला सुटलेलं नाही. जीन्सच्या टोकापर्यंत ज्याचे पाय पोचतील असा माणूस त्या गल्लीत तरी जन्माला आला नव्हता. त्यामुळे नवी जीन्स घेतली की जो तो ती काखोटीला मारून थेट शिंप्याच्या दुकानात येई. शिंपी त्याला स्टुलावर उभं करत, स्वतः खाली बसत, पायाशी गोळा झालेलं कापड डोळ्याचं पातं लवायच्या आत आतल्या आत दुमडत आणि तोंडात चार टाचण्या असूनही सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणत, “काही नाही हो. अर्धा इंच.”

गिऱ्हाईक स्टुलावरून उतरे ते दोन बोटं उंच होऊन.

आता प्रत्येकाला आपले पाय ठाऊक असतातच. पण ठाऊक असणं वेगळं आणि चार लोकांत कोणी ते मोठ्याने म्हणणं वेगळं. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसा दुमडलेला पायही. तीस वर्षं शिंप्यांनी गल्लीतले असे शेकडो पाय दुमडले आणि एकदाही पाऊण इंच म्हटलं नाही.

कापलेला तुकडा मात्र ते टाकत नसत. पुढे कधी गुडघा फाटला तर त्याच कापडाचं ठिगळ लावता येतं. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या उलट्या बाजूला ते न पुसणाऱ्या शाईने गिऱ्हाईकाचं नाव आणि माप लिहून ठेवत. हे माप खरं असे. तोंडी अर्धा इंच, लेखी सहा. शिंप्यांचा सगळा धर्म या दोन मापांच्या मधल्या जागेत राहत होता.

गुडघे बोलायला लागले तेव्हा शिंप्यांनी दुकान बंद केलं. शिलाई मशीन आणि तीन पोती घरी आली. मशीन खिडकीशी बसलं, पोती पलंगाखाली गेली आणि तिथे ती शिंप्यांच्या बायकोला सापडली.

त्यांच्या बायकोला गल्ली ‘मास्तरीणबाई’ म्हणे. चौतीस वर्षं गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. उत्तर बरोबर असलं तरी एकक लिहिलं नसेल तर त्या अर्धा गुण कापत, आणि पालक भांडायला आले तर त्यांच्याही बोलण्यात एकक शोधत.

“अहो, एवढं कापड पलंगाखाली सडवायचं?” त्या म्हणाल्या. “मी गोधडी करते याची.”

“कर की,” शिंपी म्हणाले. वर्तमानपत्र वाचताना दिलेला होकार आयुष्यात किती महाग पडतो, हे त्यांना इतक्या वर्षांच्या संसारानंतरही उमगलं नव्हतं.

बाई कामाला लागल्या. ब्लेडने आतली शिवण उसवायची, नळीसारखा तुकडा उलगडायचा, पाणी शिंपडून कडक इस्त्री फिरवायची. जीन्सची शिवण चार पदरी. तिच्यावरून जाताना मशीन खोकल्यासारखं थांबायचं. अठरा नंबरच्या सात सुया मोडल्या. दोघांची बोटं निळी झाली, कणकेच्या डब्यालासुद्धा निळे ठसे लागले. खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी वर येऊन विचारलं, “दळण सुरू केलंत का?”

बाईंनी माणशी एकच तुकडा निवडला आणि ते चढत्या क्रमाने लावले. दोन-दोन इंचांचे वरच्या ओळीत, मग तीनचे, मग चारचे. गोधडी वरून खाली मोठी होत गेली. तळाच्या ओळीत सगळ्यात मोठा, शिंप्यांच्या मित्राचा, म्हणजे कर्नलचा तुकडा आला. त्याच्या शेजारी मात्र एका तुकड्याएवढी जागा मोकळी होती.

“ही भोक ठेवायची पद्धत कुठली?” शिंप्यांनी विचारलं.

“एक तुकडा यायचाय अजून.”

शिंप्यांनी पुढे विचारलं नाही, कारण त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. प्रत्येक तुकड्यावर बाई पांढऱ्या दोऱ्याने काहीतरी भरत होत्या. शिंप्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि वाचलं.

‘डॉक्टर – ५ इंच’. ‘घड्याळवाला – ४ इंच’. ‘कर्नल – ९ इंच’.

“अगं, हे काय करतेस?”

“ज्याचा तुकडा त्याचं नाव. रविवारी वाचनालयात हस्तकलेचं प्रदर्शन आहे ना, तिथे टांगणार आहे. लोकांना आपापला तुकडा सापडायला नको?”

“नाव ठीक आहे गं. पण माप कशाला?”

बाईंनी त्यांच्याकडे मागच्या बाकावरच्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. “नुसतं नाव? म्हणजे एकक नसलेलं उत्तर!”

मग शिंप्यांना सगळं सांगावं लागलं. तीस वर्षांचा अर्धा इंच त्यांनी बायकोपुढे ठेवला. बाई ऐकत होत्या आणि सुईत दोरा ओवत होत्या.

“म्हणजे तीस वर्षं तुम्ही खोटं बोललात.”

“खोटं नाही गं. गोळाबेरीज.”

“नऊची गोळाबेरीज अर्धा होत नाही. कुठल्याही इयत्तेत.”

“कर्नलचा तरी विचार कर!”

कर्नल फौजेत कधीच नव्हता. पोस्टातून निवृत्त झाला होता. पण छाती काढून चालायचा, आपली उंची पाच फूट आठ सांगायचा आणि रोज सकाळी शिंप्यांना फिरायला न्यायचा. वीस वर्षांत एकही सकाळ चुकली नव्हती. शिंप्यांच्या गुडघ्यांनी दुकान सोडलं, पण कर्नलच्या सोबतीचा हा फेरा सोडला नव्हता. फिरायला जाताना शिंपी मुलीने भेट दिलेली जीन्स घालत. जीन्स आली तेव्हा त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा पाय दुसऱ्याकडून कापून घेतला होता. बाईंनीच टेप लावली, टाचण्या मारल्या आणि अर्धा इंच कमी केला. गणिताच्या बाई, अर्धा म्हणजे अर्धाच.

“नऊ इंच वाचल्यावर कर्नल माझ्याबरोबर एक पाऊल चालायचा नाही,” शिंपी म्हणाले.

“न चालायला काय झालं? नऊ इंच असले तर असले. आकड्यात अपमान कसला? मापात पाप मला नाही चालायचं.”

दुसऱ्या दिवशी बाई दोरा आणायला बाहेर पडल्या आणि शिंप्यांनी पापाला हात घातला. अख्खं माप उसवावं तर डेनिमवर सुईची भोकं बोंब मारतात. पण ९ चा वाटोळा पोटाचा भाग तेवढा उसवला, खालचं शेपूट जरा सरळ केलं आणि डोक्याला एक गाठ दिली, तर? लोकांनी ‘ध’ चा ‘मा’ केला, शिंप्यांनी नवाचा एक केला. ‘कर्नल – १ इंच’. तीस वर्षांत इतका बारीक टाका त्यांनी घातला नव्हता. काम संपवून ते समाधानाने डुलकी काढायला गेले.

उठून पाहतात तर त्या १ भोवती लाल खडूचं वेटोळं होतं. शेजारी लाल फुली. आणि खाली बाईंच्या वळणदार अक्षरात: ‘चूक. पुन्हा मोजा.’

“नऊ इंच उंचीच्या तुकड्यावर एक इंच!” बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “खाडाखोडीचे वेगळे गुण कापायला हवेत.”

शिंप्यांनी मग अबोला धरला. तो चार तास टिकला, कारण पाचव्या तासाला त्यांना चष्मा सापडेना.

शनिवारी सकाळी कर्नल जिना चढून आला. शिंपी मोजे घालत होते. बाई गोधडी जमिनीवर पसरून अस्तराला धावदोरा घालत बसल्या होत्या. नशिबाने अस्तराची बाजू वर होती, जुनी फुलाफुलांची चादर. शिंप्यांचा एक मोजा हातातच राहिला.

“काय रे अर्ध्या, अजून पाय सापडले नाहीत का?” कर्नलने दारातूनच आवाज टाकला. मग तो बाईंकडे वळून एकदम नरमला. “बाई, माझा तुकडा आहे ना यात?”

“आहे.”

“वरच्या ओळीत असेल.”

बाईंनी धावदोऱ्याचा आणखी एक टाका घातला.

“नाही, नातीला आणणार आहे उद्या. सांगून ठेवलंय तिला, सगळ्यात लहान तुकडा शोध, तो आपल्या आजोबांचा.” कर्नल हसला. “लहानपणी मी होतो तशीच आहे ती. वर्गात पहिल्या रांगेत उभी करतात म्हणून रडत येते. मी म्हटलं, अगं, मला बघ! माझी जीन्स जेमतेम अर्धा इंच कापावी लागते. तूही होशील.”

बाईंनी त्याच्याकडे बुटांपासून टोपीपर्यंत पाहिलं. या प्रवासाला फार वेळ लागला नाही. त्यांनी तोंड उघडलं. शिंप्यांनी डोळे मिटले.

“चहा टाकू?” बाई म्हणाल्या.

त्या दिवशी फिरताना कर्नल नातीबद्दल बोलत होता. शिंपी “हं, हं” करत होते आणि सोमवारपासून सकाळी एकट्याने कुठवर चालायचं, याचा हिशेब करत होते.

घरी आले तर खोलीचं दार आतून बंद. मशीन गप्प होतं. “जेवण झाकून ठेवलंय,” एवढाच आवाज आला. दार पहाटे उघडलं, तोवर गोधडीची गुंडाळी होऊन वर दोरी बांधली गेली होती. रविवारी बाई ती रिक्षात घालून एकट्याच पुढे गेल्या.

शिंपी वाचनालयात पोचले ते भिंतीच्या कडेकडेने. गळ्यात टेप तशीच होती. दुकान गेलं तरी ती गेली नव्हती. आत गर्दी होती आणि गर्दी हसत होती. पितळ उघडं पडल्यावर लोक हसतातच, असं म्हणून त्यांनी पुस्तकांच्या कपाटाआडून डोकं काढलं.

गोधडी छताजवळच्या दांडीवरून टांगली होती. वरच्या ओळीत: ‘अर्धा इंच’. मधल्या ओळीत: ‘अर्धा इंच’. डॉक्टर, अर्धा इंच. घड्याळवाला, अर्धा इंच. दोन बोटांची पट्टी असो की वीतभर फडका, त्रेसष्टच्या त्रेसष्ट तुकड्यांवर पांढऱ्या दोऱ्याने एकच माप होतं, एककासकट. आधीचे आकडे उसवल्याची भोकं जिथे दिसत होती तिथे एकेक छोटं फूल भरलं होतं. तळाशी, तळटीप असावी तशी, एक ओळ होती: ‘सर्व मापे शिंप्यांच्या सांगण्यावरून.’

बाई शेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. बोटांना पट्ट्या होत्या.

कर्नल तळाच्या ओळीपुढे छाती काढून उभा होता. नातीचं बोट त्याच्या हातात होतं.

“पण आजोबा, हा तर सगळ्यात मोठा आहे,” नात म्हणाली.

“अक्षर वाच. काय लिहिलंय?”

“अर्धा इंच.”

“मग! गणिताच्या बाईंनी लिहिलंय.”

दाताच्या डॉक्टरांनी चष्मा पुसला. “कर्नल, कापड मात्र हातभर दिसतंय हं.”

“डेनिम आहे ते, डॉक्टर. धुतलं की सैल पडतं.” कर्नलने डॉक्टरांच्या पाच इंचांकडे बोट केलं. “तुमचंही पडलंय.”

“हो हो, पडतं खरं,” डॉक्टर घाईघाईने म्हणाले.

शिंपी कपाटाआडून बाहेर आले. बाईंपाशी जाऊन हळूच म्हणाले, “मापात पाप चालत नाही ना तुला?”

“मी कुठे मोजलंय? खाली टीप आहे, वाचा. माहितीचा उगम दिलाय.”

शिंपी टीप वाचायला वाकले. तेव्हा त्यांना ती मोकळी जागा दिसली, म्हणजे दिसली नाही, कारण ती भरली होती. कर्नलच्या शेजारी एक गडद निळा, फारसा न धुतलेला तुकडा बसला होता. कापड ओळखीचं होतं. त्यांनी मान खाली घालून स्वतःच्या पायांतल्या जीन्सकडे पाहिलं आणि पुन्हा वर पाहिलं.

‘आमचे हे – अर्धा इंच’.

तुकडा कर्नलच्या तुकड्याला बरोबर खांदा लावून उभा होता.

शिंप्यांचा हात आपोआप गळ्याकडे गेला. टेपचं पत्र्याचं टोक त्यांनी तुकड्याच्या वरच्या कडेला लावलं आणि टेप हळूहळू खाली सोडायला लागले. तीन. चार. पाच.

“काय मोजतोयस रे अर्ध्या?” मागून कर्नलने हाक मारली.

बाई समोर बघत होत्या. वर्गात पेपर चालू असताना बघत तशा, कुणाकडेच नाही आणि सगळ्यांकडे.

शिंप्यांनी टेप गुंडाळली आणि खिशात टाकली.

“काही नाही रे,” ते म्हणाले. “माप बरोबर आहे.”

बाईंनी पर्समधून लाल खडू काढला आणि गोधडीच्या कोपऱ्यात, अगदी लहानशी, बरोबरची खूण केली.