टेकडी दिसत नाही

रेडिओवरून वास्काने विचारलं, "मावशी, टेकडी दिसते का?"

ओल्गाने खिडकीबाहेर पाहिलं. टेकडी कसली, धावपट्टीच्या कडेचा खांबसुद्धा धुक्याने गिळला होता. कुस्कोकविम नदीच्या काठावरच्या या गावाला रस्ता नाही. विमान आलं तरच पीठ, कॉफी, पाहुणा. निघण्याआधी वैमानिक एवढंच विचारतो आणि उत्तर देण्याचं काम ओल्गाचं. गावाला काय, पोटात कावळे ओरडले की धुकंही पातळ दिसायला लागतं. "म्हण की दिसते, तुझं काय जातं?" असं सांगणारे दारात नेहमीच दोन-चार उभे.

आज तिचंच मन तसं म्हणत होतं. पलीकडच्या खाटेवर तिची थोरली बहीण मात्र्योना शेवटच्या घटका मोजत होती, आणि वास्का तिचा एकुलता एक. पोराचं लायसन नजरेला दिसेल तेवढ्यातच विमान उडवायचं. ढगात नुसत्या यंत्रांच्या काट्यांच्या भरवशावर ते चालवायला तो शिकलेलाच नव्हता.

"नाही दिसत," ओल्गा म्हणाली.

"अर्धी तरी?"

"पावसुद्धा नाही."

"मग खालून उडत येतो, नदी धरून. रोजची वाट आहे माझी."

"तुझा बापही नदी धरूनच निघाला होता, रे. बर्फ वितळल्यावर सापडला."

खाटेवरून मात्र्योनाने हात पुढे केला. "दे तो माईक इकडे."

"आई?"

"वास्का, मरतेय मी, आणि घाई तुला? या गोठलेल्या जमिनीत गावाने एक खड्डा खणायचा तेच पुष्कळ झालं. दुसरा खणायला लावलास तर वर भेटशील तेव्हा कान उपटीन."

रेडिओच्या खरखरीतून बारीक आवाज आला, "बरं, आई."

धुकं दोन दिवस हललं नाही. तिसऱ्या सकाळी आभाळ लख्ख झालं आणि वास्का उतरला. मात्र्योना आदल्या संध्याकाळीच गेली होती. तो आईच्या उशाशी बसला, रडला, आणि मग ओल्गावर उसळला.

"तू नुसतं 'दिसते' म्हणाली असतीस तर पोचलो असतो मी."

"कुठे?" ओल्गाने विचारलं.

तिने डोळे पुसले, चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

"पी आणि ऊठ. फावडं दारामागे आहे. तिने एकच खड्डा सांगितलाय."