काकूच्या काढ्याची टेस्ट

आमच्या गुणवंतकाकांना माझ्या पीएचडीची भारी गंमत वाटते. "पाला उकळायचा आणि रंग बघायचा! यार, एवढ्यासाठी तुला स्टायपेंड देतात?" मी दिल्लीत मुनिरक्याला भाड्याच्या खोलीत राहते आणि रविवारी आर. के. पुरमला काकूच्या हातचं जेवते, म्हणून गप्प बसते. नाहीतर चांगलं सुनावलं असतं.

गेल्या महिन्यात चंद्रप्रभाकाकूनं काकांचा चहा बंद केला. त्याऐवजी दोन वेळा अडुळसा, गुळवेल आणि तुळशीच्या पानांचा काढा. चहावर जीव असलेला माणूस! शेवटी त्यांनी पैज लावली. "सृष्टीच्या लॅबमध्ये दे तुझा काढा. त्यात अँटिऑक्सिडंट निघाले तर जन्मभर पिईन. नाही निघाले तर माझा चहा परत."

"बिल्कुल!" काकू म्हणाली.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर काका थर्मास घेऊन लॅबमध्ये आले. चेहरा इतका साळसूद, की मला तिथंच शंका आली. ते गेल्यावर झाकण उघडलं. अडुळसा कुठला नि गुळवेल कुठली! ऑफिसच्या कँटीनमध्ये काळीकुट्ट होईपर्यंत उकळलेली चहापत्ती. चहात काडीचा गुण नसतो, हे काकूचं म्हणणं त्यांना मनातून पटलेलं दिसत होतं.

फोन करून मी त्यांना झापू शकले असते. पण ते 'पाला उकळायचा' आठवलं. म्हटलं, चलो, आलंय ते मोजू या. आमच्याकडे एक जांभळा द्राव असतो. त्यात अर्क घालायचा. अँटिऑक्सिडंट जितके जास्त, तितका तो पिवळा पडतो आणि यंत्र आकडा देतं. चहा पडला नि जांभळ्याचा पत्ताच नाही! माझ्या लाडक्या शेवग्याच्या पानांनी कधी असा आकडा दाखवला नव्हता. रागच आला मला.

रविवारी जेवणं झाल्यावर मी गंभीरपणे जाहीर केलं, "काकू, थर्मासमधला नमुना आमच्या सगळ्या पानांना भारी पडला."

काकूनं काढ्याचा पेला बाजूला सारून थेट तांब्याच भरला. "ऐकलंत? जन्मभर!"

काकांनी तांब्याकडे पाहिलं आणि त्यांचा धीर सुटला. "अगं, तो चहा होता!"

मग आपण काय बोललो ते काकांच्या लक्षात आलं आणि चेहरा उजळला. "म्हणजे चहाच पहिला आला की! काढ माझा चहा!"

काकू त्यांच्याकडे बघेना. "सृष्टी, त्यात दूध होतं?"

"नाही."

"साखर?"

"नाही."

"आलं, वेलची?"

"काहीच नाही, काकू."

"अच्छा," म्हणत तिनं चहापत्तीचा डबा काढला.

आता काकांना दोन वेळा चहा मिळतो. काळा, कडू, काढ्याच्याच पेल्यातून, आणि संपेपर्यंत काकू समोर उभी. काल त्यांचा हळू आवाजात फोन आला. "बेटा, काढ्याची खरी टेस्ट झालीच नाही ना? करून टाक की. तुझं काम फार मोलाचं आहे गं."

"काका," मी म्हटलं, "नुसता पाला तर उकळायचाय. तुम्हीच करा ना."