साध्या अक्षरातली पत्रिका

टेबलावर सात कागद होते. मजकूर एकच, कामिनीच्या लग्नाचा; फॉन्ट मात्र सात. तिच्या आजोबांनी, पितांबर आबांनी, सहा कागद एकेक करून डोळ्यांशी नेले आणि बाजूला सारले. सातवा हातात धरून ते पहिल्या ओळीपासून वाचू लागले.

छपाईच्या दुकानात पत्रिका जुळवणारी पूनम चपापली. तो कागद चुकून छापला गेला होता. कुठलीही पत्रिका ती आधी संगणकासोबत येणाऱ्या साध्या फॉन्टमध्ये टाइप करायची आणि मग त्यावर नक्षीदार फॉन्ट चढवायची. साधा तसाच राहायचा तो फक्त कुणी गेल्यानंतरच्या गंधमुक्तीच्या पत्रिकांना. धुळ्यातल्या त्या दुकानात आठवड्याला तशा चार-पाच तरी यायच्या.

"आबा, हाई दखीसन लोके आहेर सोडीसन दुखवटा लई येतीन," आबांचा मुलगा योगेंद्र म्हणाला.

"येतीन तवय दखूत. माले हाई दिसस."

योगेंद्रने पूनमला बाजूला घेतलं. घरातल्या प्रत्येक लग्नाची पहिली पत्रिका आबाच गणपतीपुढे मोठ्याने वाचत आले होते. ही शेवटची नात. आबांच्या डोळ्यांचा पडदा सुकत चालला होता आणि ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. पण गावभर असलं अक्षर वाटायचं कसं, हा त्याचा प्रश्न होता.

मोजून पाहिल्याशिवाय पूनमचं समाधान व्हायचं नाही, बीएस्सीपासूनची सवय. तिने नक्षीदार फॉन्ट मोठे केले. वेलांट्यांची टोकं शेजारच्या अक्षरात शिरत होती, आबा अडखळतच होते. साध्याची रेघ सगळीकडे सारखी, काने सरळ, अक्षरांमध्ये हवा. पण त्यात लग्नकार्याचं काहीच नव्हतं. तो जाड करून पाहिला, तर अक्षरांची पोटं भरून गेली. शेवटी मूळचाच जरा मोठा करून दिला. आबा सलग वाचत असताना तिने स्टीलची पट्टी धरली. कागद आणि डोळा यांच्यात बावीस सेंटिमीटर.

आबांपुरती एक पत्रिका अशी छापू, बाकीच्या नक्षीच्या, असं तिने सुचवलं. योगेंद्रचा चेहरा खुलला.

आबांनी मान हलवली. "मी वाची एक आनि गावले दिधी दुसरी, मंग देवले काय सांगं?"

इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या कामिनीने सातवा कागद उचलला, दूर धरून पाहिला.

"पप्पा, हेच राहू द्या," ती म्हणाली. "ताई, शाई तेवढी लाल करा."

महिन्याभराने तिघं पत्रिका न्यायला आले. गठ्ठा गणपतीपुढेच फुटला पाहिजे, असा आबांचा हट्ट होता. दुकानाच्या गल्ल्यावर पितळेचा लहानसा गणपती होता. योगेंद्रने चप्पल काढली. कामिनीने वरची पत्रिका काढून आबांच्या हातात दिली.

आबांनी कुलदैवतापासून सुरुवात केली. तिथी, मुहूर्त, दोन्हीकडची माणसं, सगळी नावं ठणठणीत आवाजात वाचली. थांबले ते पार खाली, पोरांच्या ओळीशी. कागद हलवला, पुन्हा धरला आणि तीही वाचली: आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!

पूनमने पट्टी धरली होती. कागद आणि डोळा यांच्यात आता सहा सेंटिमीटर.