दांडेबंदरची टीम

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि जेवण उरकलं की ओमानमधल्या निझवाच्या बाजारात, रशीद मुकादमच्या भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत फुटबॉलची बैठक बसायची. बैठकीला माणसं तीनच. एक रशीद स्वतः. दुसरा त्याच्या मोहल्ल्यातला मुजम्मिल, जो मस्कतजवळच्या रुसैलच्या गोदामातून निझवापर्यंत ट्रक चालवायचा. आणि तिसरा शिरीष परांजपे, रुसैलमधल्या एका पाइपच्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर. तो मस्कतला राहायचा आणि एवढ्यासाठी दीड तास गाडी हाकत यायचा. तिघंही रायगडच्या किनाऱ्यावरच्या दांडेबंदर कॉलेजचे. रशीद आणि शिरीष एकाच वर्षी टीममध्ये होते, रशीद स्टॉपरला, शिरीष लेफ्ट विंगला. मुजम्मिल त्यांच्याहून लहान. त्याला टीममध्ये कधी जागा मिळाली नाही, पण बैठकीत आवाज सगळ्यांत मोठा त्याचाच.

विषय एकच, खाडी चषक. खाडीच्या अलीकडे दांडेबंदर, पलीकडे तारगाव. दोन्हीकडे एकेक कॉलेज आणि दर पावसाळ्यात, श्रावण सरता सरता, घोटाभर चिखलात दोघांची मॅच. गेली सहा वर्षं चषक तारगावात होता.

"यंदा आणायचाच," जूनमधल्या त्या शुक्रवारी रशीद म्हणाला. "जिब्रान हाय यंदा."

जिब्रान त्याच्या बहिणीचा, कुलसुमचा मुलगा. मागच्या वर्षी पहिल्या वर्षाला असताना त्याने तारगाववर दोन गोल मारले होते. खेळाच्या मोकल सरांनी पाठवलेला त्याचा व्हिडिओ तिघांच्याही फोनवर होता. पोरगा उजवीकडून आत शिरतो, एकाला चकवतो, दुसऱ्याला चकवतो, चिखलात पाय रुततो असं वाटतं तोच बॉल जाळ्यात. पुढच्या वीस मिनिटांत दांडेबंदरने तीन गोल खाल्ले, तो भाग व्हिडिओत नव्हता.

"पुढे जिब्रान हाय, पण मागे कोण?" मुजम्मिल म्हणाला. "स्टॉपर गेला, लेफ्ट बॅक गेला. दोघं रुसैलला माझ्यासमोर गोणी उतरवतात."

त्या दोघांचे व्हिसा रशीदनेच काढून दिले होते. त्यांच्या आधीच्या गोलकीपरचाही. रशीदला निझवात अठ्ठावीस वर्षं झाली होती, अरबी चांगली होती आणि दोन-तीन अर्बाब, म्हणजे तिथले मालक, त्याच्या शब्दाला मान देत. गावात कुणाच्या पोराचं शिक्षण संपत आलं, किंवा संपण्याआधीच घरात अडचण आली, की आईचा फोन रशीदला यायचा.

शिरीषला जुन्या गोष्टी सांगायची हौस होती. त्याचे वडील त्याच कॉलेजात इतिहास शिकवायचे. "पावसातच का मॅच, ठाऊक आहे?" तो म्हणाला. रशीदला ठाऊक होतं, मुजम्मिललाही होतं, तरी दोघांनी नकारार्थी मान हलवली. "बाबा सांगायचे. आपली गलबतं इथपर्यंत यायची, मस्कतला, सूरला. लाकूड, तांदूळ घेऊन यायची, खजूर घेऊन जायची. पावसाळ्यात दर्या बंद. गलबतं काठावर ओढलेली, माणसं चार महिने घरी. काम नाही, अंगात रग तेवढी. मग बोटीवरच्या खलाशांनी मुंबईच्या गोदीत बघितलेला खेळ गावात आणला. दोन्ही काठांवर माणसं रिकामी, म्हणून मॅच."

"तारगाववाले सांगतात, बॉल आधी त्यांच्याकडे आला," मुजम्मिल म्हणाला.

"सांगू देत त्यांना," शिरीष म्हणाला आणि तिघं हसले. त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्यांनी यंदाची टीम तीनदा लावली आणि तीनदा मोडली. मागच्या फळीत टाकायला माणूस सापडेना.

कुलसुमचा फोन आठवड्याच्या आतच आला.

"भाई, जिब्रानचं बघ आता."

"सप्टेंबरमध्ये बघतो," रशीद म्हणाला. "कॉलेज चालू हाय त्याचं."

"कॉलेजचं मला नको सांगू. ह्यांची कंबर गेली. होडी सहा महिने पाण्यात उतरली नाय. मासळीच नाय तर उतरवून तरी काय करणार? मुजम्मिल बोलला, तुझ्या ओळखीच्या कंपनीत जागा हाय."

जागा होती. रुसैलच्या एका कार्टन फॅक्टरीत, पण लगेच हवा होता माणूस. रशीदने ते तिला सांगितलं नव्हतं. मुजम्मिल बोलून बसला होता.

"ऑगस्टची मॅच होऊ दे, कुलसुम. तेवढी एक होऊ दे."

ती म्हणाली, "लोकांच्या पोरांना तू पाठोपाठ नेलंस. माझ्याच पोराला बॉलसाठी ठेवतोस?"

रशीदची बायको सफूरा समोर बसून भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकलं. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "उद्याच कंपनीत जा. तुमची बहीण हाय ती." रशीद गेला. जुलैच्या मध्यावर जिब्रान मस्कतला उतरला आणि तिथूनच कंपनीच्या बसने रुसैलच्या कामगार कॅम्पवर गेला. मामाला भेटायला त्याला पहिली सुट्टी मिळाली ती दहा-बारा दिवसांनी. तो आला, मामीच्या हातचं पोटभर जेवला आणि सोफ्यावर बसल्या बसल्या झोपला. खेळाविषयी काही विचारायचं रशीदच्या मनात होतं, ते राहूनच गेलं.

ही बातमी शिरीषला सांगायचं त्याने टाळलं. दोन शुक्रवार बैठकीत यंदाची टीम लागत राहिली, पुढे जिब्रान धरून. मुजम्मिल खाली मान घालून चहा प्यायचा.

ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी शिरीष जिना चढून आला तो चप्पलही न काढता खोलीच्या दारात उभा राहिला.

"मोकल सरांचा फोन होता. कॉलेजने नाव मागे घेतलं."

"कसलं नाव?" मुजम्मिलने विचारलं.

"खाडी चषकाचं. पोरंच नाहीत. नऊ जण जेमतेम जमले, त्यातले दोघे पहिल्यांदा बॉलला पाय लावणारे. तारगाववाले म्हणे आता जिल्ह्याच्या स्पर्धेत जाणार, खाडी चषक बंद. मैदानावर संस्था इमारत बांधायला काढतेय." मग तो रशीदकडे वळला. "सर म्हणाले, जिब्रान होता तोवर बाकीची पोरं तरी येत होती. तो गेल्यावर यायची बंद झाली. कुठे गेला जिब्रान, रशीद?"

"बस आधी."

"कुठे आहे?"

"रुसैलला."

शिरीष खाली बसला.

"मी त्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये काम करतो," तो म्हणाला. "रोज. आणि तू इथे बसून माझ्याबरोबर त्याला राइट विंगला टाकत होतास."

"कुलसुमच्या घरात काय चाललंय तुला ठाऊक नाय."

"एक महिना थांबता येत नव्हतं? गेली किती वर्षं बघतोय मी. गोलकीपर तू आणलास. स्टॉपर तू आणलास. तारगावने काय हरवलं आपल्याला? तूच फोडलीस टीम, एकेक करून."

रशीदचा चेहरा लाल झाला. एरवी तो आवाज चढवत नसे. "आणि तुझा पोरगा, यश? तो कधी उतरला त्या मैदानावर? मस्कतला इंग्रजी शाळेत शिकला, आता कॅनडात हाय. दांडेबंदर नकाशात दाखव म्हटलं तर दाखवेल काय? तुझा पोरगा बाहेर गेला ती प्रगती, आणि कुलसुमचा गेला तर तुझी टीम फुटली. दुसऱ्यांच्या पोरांनी चिखलात राहायचं, आणि तू इथे बसून बघायचं!"

"रशीदभाई, जाऊ दे," मुजम्मिल मध्ये पडला.

शिरीष उठला. मागे न बघता जिना उतरून गेला.

पुढचा शुक्रवार तसाच गेला. मुजम्मिल एकटा आला, अर्धा तास बसला आणि कंटाळून गेला. त्यानंतरच्या बुधवारी शिरीषचा फोन आला. आवाज मऊ होता.

"रशीद, मॅच याच शुक्रवारी व्हायची होती."

"ठाऊक हाय."

"मी विचार केला, रुसैलला आपल्या कॉलेजची पोरं किती आहेत? मुजम्मिल म्हणतो, दोन टीम होतील. कॅम्पच्या मागे मोकळी जागा आहे. ऊन उतरल्यावर खेळवू. बॉल मी आणतो."

रशीदला त्या माणसाची एकदम माया वाटली. "आणू सगळ्यांना," तो म्हणाला.

मुजम्मिलने निरोप फिरवला. शुक्रवारी संध्याकाळी रशीद आपल्या पिकअपमधून रुसैलला पोचला, तेव्हा पोरं जमलेली होती. वीसच्या वर असतील. रशीद एकेकाचा चेहरा बघत गेला. प्रत्येकाला तो एकेका वर्षाच्या टीममधला म्हणून ओळखत होता. एवढी ताकदीची टीम दांडेबंदरने कधी एका वेळी उतरवली नव्हती. जिब्रान भिंतीला टेकून उभा होता, पायांत कंपनीचे सेफ्टी शूज.

"बूट नाय आणलेस?" रशीदने विचारलं.

"गावालाच दिले कुणाला तरी, मामू. इथे कशाला लागतात?"

जमीन दगडगोट्यांची होती. हवा अजून भट्टीसारखी. शिरीषने चार दगड ठेवून गोल केले, दोन टीम पाडल्या आणि शिट्टी म्हणून तोंडानेच आवाज काढला. पहिली पाच मिनिटं पोरं हसली, धावली, एकमेकांना जुन्या टोपणनावांनी हाका मारत राहिली. मग धाप लागायला लागली. स्टॉपर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याचं पोट सुटलं होतं. गोलकीपरच्या अंगावरून बॉल गेला, त्याने हात उचललाच नाही. "खांदा उतरतो, काका," तो शिरीषला म्हणाला. "गोणी उचलून उचलून."

एकदा बॉल जिब्रानकडे आला. तो उजवीकडून निघाला आणि व्हिडिओतल्यासारखा आत शिरला. एकाला चकवलं. दुसऱ्याला चकवलं. रशीद नकळत दोन पावलं पुढे सरकला. पण तिसरा अडवायला आलाच नाही. तो आधीच खाली बसला होता. समोर गोल मोकळा होता. जिब्रान थांबला, बॉल पायाने बाजूला सारला आणि तोही बसला.

"मार ना!" शिरीष ओरडला.

"पहाटे ड्यूटी हाय, काका. पाय मुरगळला तर सुपरवायझर पगार कापतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता, कुरकुर नव्हती. एकोणीस वर्षांचं पोर चाळिशीच्या माणसासारखं बोलत होतं. रशीदला ते ऐकवेना.

मग एक पोरगा शर्टाला हात पुसत शिरीषजवळ आला. "सर, तुमच्या कंपनीत ऑपरेटरची जागा हाय काय? मुजम्मिलभाई बोलले, तुम्ही मॅनेजर हायत."

"मी आत्ता त्यासाठी नाही आलो," शिरीष म्हणाला.

"नाय, पण बघा ना. माझं काम उन्हातलं हाय."

दुसरा आला, तिसरा आला. थोड्याच वेळात बसलेली पोरंही उठली आणि शिरीषभोवती कोंडाळं झालं. प्रत्येकजण फोनमधली आपली कागदपत्रं दाखवत होता. रशीदने मुजम्मिलकडे बघितलं. मुजम्मिलने नजर चुकवली. "मॅच म्हटलं तर कोण आलं असतं, रशीदभाई?" तो हळूच म्हणाला. "मी सांगितलं, मॅनेजर येणार हायत."

बॉल लांब कुंपणापाशी पडला होता. आणायला कुणी गेलं नाही.

कोंडाळ्यातून सुटायला शिरीषला बराच वेळ लागला. "बघतो, बघतो" म्हणत तो गाडीपाशी आला. रशीद त्याच्या शेजारी उभा राहिला.

"त्या दिवशी मी बोललो ते," शिरीष म्हणाला, "नको होतं बोलायला."

"खरं होतं."

"तू बोललास तेही."

एकमेकांची माफी मागून हलकं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. शिरीष गाडीत बसला आणि मस्कतच्या दिशेने गेला.

रशीद पिकअपपाशी पोचला तोच कुलसुमचा फोन आला. जिब्रानला रशीदने स्वतः फोन करून बोलावलं होतं आणि त्याने आईला कळवलं होतं, आज मामू खेळायला बोलावतोय म्हणून.

"खेळला काय रे, भाई? बरा खेळला?"

कॅम्पच्या दारातून पोरं एकेक करून आत जात होती. त्यांच्यात जिब्रान कोणता, ते आता लांबून ओळखू येत नव्हतं.

"खेळला," रशीद म्हणाला. "एक गोल मारला."

"मला ठाऊकच होतं!" कुलसुम खुशीत म्हणाली आणि घरात कुणाला तरी हाक मारून सांगू लागली. रशीदने फोन कानाला तसाच धरून ठेवला. ती परत लाइनवर येईपर्यंत त्याला गोल कसा झाला ते जुळवायचं होतं आणि काही केल्या जुळत नव्हतं.