दुधावरची तबकडी

सोमवारी सकाळी टाकीच्या खोलीचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच ओकले.

चार वर्षं मी कुजक्या भाजीत, बुरशी आलेल्या पावात, सडक्या भुशात हात घालते आहे. माझं नाक नाजूक नाही. पण हा वास वेगळा होता. बाळाने दूध पिऊन खांद्यावर ओकावं, ते ओकलेलं बुटात आठवडाभर साठवावं आणि वर तो बूट उन्हात तापवावा, तसा. जिभेवर बसत होता. पाणी प्यायले तर पाण्यालाही तीच चव.

माझ्या टाकीला असा वास येत नाही. आमच्याकडे बाजारातला टाकाऊ माल येतो आणि त्याचं अल्कोहोल होतं. प्यायचं नव्हे, इंजिनात जाळायचं. हे काम करणारे जिवाणू पासष्ट अंशांवर सुखाने नांदतात. तिथे तुमच्या-आमच्या हाताची सालं निघतील. टाकी इतकी तापलेली, की अल्कोहोलची वाफ वरच्या नळीतून निघते, गार होते आणि पिंपात टपकते. आणि ती उष्णता म्हणजेच आमचं कुलूप. कचऱ्यासोबत आलेले बाकीचे हजार जंतू त्या तापात डोकं वर काढत नाहीत. टाकी चाळीसवर आणा, की दार सताड उघडं आणि चोर पंगतीला.

त्या जिवाणूंचं बियाणं सहा बाटल्यांत माझ्या ताब्यात. मी इथे फरशी पुसायला लागले होते. जुन्या केमिस्टबाईंनी मला हे शिकवलं आणि नोकरी सोडताना बाटल्या माझ्या हातात ठेवल्या. "पदवीचं सोड. दर चौथ्या दिवशी ह्यांना नवं खाणं दे आणि हवा लागू देऊ नकोस. एवढं करणारा माणूस मला पदवीवाल्यांत सापडला नाही." विरजण मोडू नये म्हणून जपावं, तसं मी ते जपलं. एकदाच तीन दिवस सुट्टी घेतली, ती ह्या शुक्रवारी. ताप होता मला. टाकीला नाही.

साहेब आले. म्हणजे मॅनेजर. नाकावर सेंट लावलेला रुमाल.

"बाई, नासलं तुमचं बियाणं."

"बियाणं नाही नासलं, साहेब. टाकी गार झाली असणार."

"तबकडी बघा ना!"

तबकडी म्हणजे जाड गोल कागद. यंत्राची लेखणी त्यावर आठवडाभर फिरत टाकीचं तापमान काढते. रजिस्टरमध्ये लावलेल्या तबकडीवर निळी रेघ पासष्टवर गुळगुळीत, कुठे कुसळाएवढीही हललेली नाही. चार वर्षांत इतकी शहाणी रेघ मी पाहिली नव्हती.

"उद्या मालकीणबाई येतायत," साहेब म्हणाले. "लिहा, बियाणं अशुद्ध निघालं. सही करा. त्या सहा बाटल्या कुकरमध्ये मारून टाका. आपण बाहेरून नवं मागवू, पदवीवाला माणूस घेऊ."

"आणि मी?"

"झाडू आहेच की. नोकरी कुठे जातेय तुमची?"

हे बोलताना त्यांनी बुटाचं टोक माझ्या ओकारीपासून अलगद बाजूला घेतलं.

बॉयलरवर माझा दीर असतो, नवऱ्याचा धाकटा भाऊ. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात सासूबाई, हा दीर, धाकटी जाऊ आणि मी. संध्याकाळी भाऊजी जेवायला बसले होते. आंघोळ झाली होती तरी मानेतून तोच वास.

"भाऊजी, शुक्रवारनंतर बॉयलर कमी केलात का?"

"छे! शप्पथ, वहिनी. तुमच्या डोक्यातून ताप उतरलेला दिसत नाही."

"जेवताना कारखाना नको," सासूबाई म्हणाल्या. "आधीच घराचा उकिरडा झालाय."

मी उठून दूध घ्यायला गेले. आमच्या घरात पातेल्यांवर झाकण्या नाहीत. जुन्या तबकड्या आहेत. भाऊजी कित्येक वर्षं आणतायत. अगदी मापात बसतात, फुकटात येतात. दुधावर एक कोरी करकरीत तबकडी होती. मी ती उचलली आणि उलटी केली.

निळी रेघ काठाजवळून, पासष्टवरून निघालेली. शुक्रवारी दुपारी ती घसरून चाळीसवर गेली होती आणि सोमवारच्या पहाटेपर्यंत तिथेच लोळत होती. मग पुन्हा वर. कडेला ह्याच आठवड्याची तारीख, भाऊजींच्या अक्षरात.

मी ती त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांचा घास तोंडातच फिरत राहिला.

"साहेब म्हणाले, जळण वाचव," ते म्हणाले. "वर दाखवायचं होतं त्यांना. म्हणाले, तीन दिवसांनी काय होतंय. मग वास सुटला. म्हणाले, कोऱ्या तबकडीवर रेघ ओढून लाव आणि ही जाळून टाक."

"मग जाळली का नाही?"

भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेडी. "चांगला जाड कागद होता, वहिनी."

जाऊ फिसकन हसली. मला हसू आलं नाही. खोटी तबकडी लावताना ह्या माणसाचा हात थरथरला नाही. माझी चार वर्षं कुकरमध्ये शिजायला निघाली, तेव्हाही नाही. पण कागद वाया जाऊ नये म्हणून जीव तुटला. वरणाचे हात चाटत तो बसला होता. मला किळस आली, त्या टाकीची आली नव्हती इतकी.

"ते दे इकडे, चुलीत घालते," सासूबाई म्हणाल्या. "घरच्या माणसाच्या पोटावर पाय देशील?"

"त्यांनी माझ्या पोटावर दिला तेव्हा तुम्ही त्यांना भात वाढत होतात, आई."

तबकडी मी उशीच्या अभ्र्यात घालून झोपले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी टाकीच्या खोलीत गुलाबाचा फवारा मारला होता. ओकारीवर गुलाब. मालकीणबाई दारातूनच मागे सरल्या. साहेब सुरू झाले, "बियाणं, मॅडम. बाईंनी प्रामाणिकपणे लिहूनही..."

मी रजिस्टर उघडून समोर धरलं. खोटी तबकडी फाडून खरी चिकटवली होती, खाली माझी सही. दुधाचा एक डाग होता, पण रेघ स्वच्छ.

मालकीणबाईंनी ती नीट पाहिली. "कोणी कमी केलं?"

दाराशी उभ्या भाऊजींनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी घड्याळाकडे.

"मी," भाऊजी म्हणाले. "माझी चूक."

"मालकीणबाई, हा माणूस घरात पंखा किती वेगाने लावायचा तेही बायकोला विचारतो," मी म्हणाले. "ह्याला विचारा, सांगितलं कोणी."

"वहिनी, गप्प बसा!" भाऊजी ओरडले. घाम गळत होता, पण मान साहेबांकडेच, शेपूट हलवल्यासारखी. दुसरीकडे चिकटवून देईन असं साहेबांनी जिन्यात त्यांच्या कानात सांगितलं असणार.

"लेखी आहे काही?" मालकीणबाईंनी मला विचारलं.

"नाही. तोंडी."

"मग झालं." त्या भाऊजींना म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नका." मला म्हणाल्या, "बाटल्या ठेवा, बियाणं तुमच्याकडेच राहील." आणि साहेबांसोबत चहाला गेल्या.

टाकी मी दोन दिवस फावड्याने उपसली. गुडघाभर राबडी, वर पांढरी साय, साय फुटली की बुडबुडे. केसांतून वास जाईना. घरी जाऊने माझं ताट वेगळं केलं आणि सासूबाई दिसल्या की तोंडाला पदर लावत. भाऊजी दिवसभर फोन घेऊन बसलेले. साहेब एकदाही उचलत नव्हते.

टाकी वाफेने धुतली, नवा माल भरला, पासष्टवर आणली आणि बियाणं सोडलं. चौथ्या दिवशी नळीतून थेंब पडायला लागले. वास तीक्ष्ण, स्वच्छ. आता बॉयलरही माझ्याकडेच होता.

साहेब आले, पिंपावर वाकले, हुंगले. "वा! बाई, एक करू. साठवर ठेवून बघू. पाच अंशांनी काय होतंय?"

मी रजिस्टर उघडून त्यांच्यासमोर ठेवलं, त्यावर पेन.

"लिहून द्या, साहेब. तारीख, वेळ, सही."

"एवढ्याशा गोष्टीला?"

"एवढ्याशाच गोष्टीला."

त्यांनी पेन दोन बोटांत उचललं, मेलेलं झुरळ उचलावं तसं. टोपण काढलं. पान बघितलं. पलीकडच्या पानावर दुधाचा डाग पडलेली तबकडी होती. टोपण परत लावलं.

"राहू दे," ते म्हणाले आणि खिशातून रुमाल काढून बोटं पुसत निघून गेले.

मी पेन धुऊन घेतलं आणि मगच वापरलं.